वस्तूला चिठ्ठी बांधणारा माणूस : चार्ल्स बीन

स्नेहमेळाव्यात 'शाळेच्या आठवणींच्या वस्तू' असं एक छोटं प्रदर्शन मांडायचं ठरलं आणि त्याची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. कॉम्प्युटरवाली म्हटल्यावर एक्सेल गळ्यात पडणारच. पंधरा दिवसांत माझ्या घरी चार खोकी जमा झाली. कंपासपेट्या, एनसीसीचे बिल्ले, गाइडची शिट्टी, पाण्याने फुगलेली प्रगतिपुस्तकं, शिपाईमामा घंटेवर मारायचे ती लाकडी हातोडी. बहुतेक वस्तूंबरोबर एक ओळही लिहिलेली नव्हती. एका बिल्ल्याचा फोटो ग्रुपवर टाकून विचारलं, हा कुणाचा? तिघांनी सांगितलं, माझा. यादीत 'बिल्ला, पितळी, १ नग' एवढंच लिहून मी लॅपटॉप मिटला. त्या रात्री मला चार्ल्स बीन या माणसाची फार आठवण आली.

स्मरणिकेत शाळेबद्दल लिहायचं सोडून ऑस्ट्रेलियातल्या माणसाबद्दल कशाला, असं आपल्या मराठीच्या बाई विचारतील. बाई, थोडं वाचा, शाळा येईल त्यात.

२०१६ साली कंपनीच्या कामासाठी मी काही महिने सिडनीत होते. एका शनिवारी बसने कॅनबेऱ्याला गेले आणि सगळे जातात म्हणून वॉर मेमोरियल बघायला गेले. युद्धसंग्रहालय म्हणजे तोफा, रणगाडे आणि झेंडे, असं मला वाटलं होतं. तोफा होत्याच. पण मी अडकले ती लहान वस्तूंपाशी. गोळीने भोक पडलेलं पाकीट, वाकलेला चमचा, कुणाची तरी वही. प्रत्येकाखाली ती कुणाची, तो माणूस कुठल्या गावचा, पोटापाण्याला काय करायचा आणि ती वस्तू इथवर कशी आली ते लिहिलेलं. शत्रूकडून हिसकावलेल्या तोफेवरसुद्धा ती कुणी, कुठे, कधी घेतली याची नोंद. हे सगळं कुणाच्या डोक्यातून आलं म्हणून विचारलं, तर प्रत्येक वेळी एकच नाव पुढे आलं.

चार्ल्स बीनचा जन्म १८ नोव्हेंबर १८७९ चा, न्यू साउथ वेल्समधल्या बाथर्स्ट गावचा. वडील तिथल्या ऑल सेंट्स कॉलेज या शाळेचे हेडमास्तर. म्हणजे पोरगा शाळेच्या आवारातच वाढला. १८८९ साली कुटुंब इंग्लंडला गेलं, वडील ब्रेंटवुडच्या शाळेचे हेडमास्तर झाले, आणि हा आधी तिथे, मग क्लिफ्टन कॉलेजात शिकला. पुढे ऑक्सफर्डला शिष्यवृत्ती मिळाली. १९०४ मध्ये ऑस्ट्रेलियात परत येऊन त्याने वकिली केली, पण त्यात जीव रमला नाही. १९०८ साली सिडनी मॉर्निंग हेरल्डमध्ये सर्वांत खालच्या पायरीवरचा बातमीदार म्हणून लागला. वय जवळजवळ एकोणतीस. आपल्यातल्या ज्यांनी तिशीत लाइन बदलली त्यांनी हे लक्षात ठेवावं.

पेपरने त्याला लोकरीच्या धंद्यावर लिहायला आत खोल, पश्चिमेच्या ओसाड भागात पाठवलं. विषय रटाळ होता. बीनने मेंढ्यांबद्दल थोडं आणि मेंढ्या सांभाळणाऱ्या, लोकर कातरणाऱ्या माणसांबद्दल फार लिहिलं. त्याचं पुस्तक १९१० साली निघालं. त्याची पुढची सगळी कामं याच पद्धतीने झाली.

१९१४ साली महायुद्ध सुरू झालं आणि ऑस्ट्रेलियाच्या फौजेबरोबर एक अधिकृत वार्ताहर पाठवायचं ठरलं. पत्रकारांच्या संघटनेत मतदान झालं आणि कीथ मर्डॉकला थोडक्या मतांनी मागे टाकून बीन निवडून आला. (रुपर्ट मर्डॉकचे वडील ते हेच.) ऑक्टोबरात तो फौजेबरोबर इजिप्तला निघाला. तिथे पहिलीच मोठी फजिती झाली. कैरोत काही सैनिकांनी दारू पिऊन धुमाकूळ घातला होता. बीनने ते खरं खरं लिहून पाठवलं. पेपर घरोघरी गेला, आयांनी पोरांना पत्रं लिहून जाब विचारला, आणि अख्खी फौज बीनवर खवळली. ज्यांच्याबद्दल लिहायला आला होता, तीच माणसं त्याच्याशी बोलेनात.

हे मिटलं ते गॅलिपोलीत. २५ एप्रिल १९१५ ला पहाटे सैन्य उतरलं आणि त्याच सकाळी बीनही किनाऱ्यावर आला. इतर वार्ताहर बोटींवरून दुर्बिणीने बघून लिहीत होते. हा खंदकातून खंदकात हिंडत होता, वही घेऊन. ८ मे रोजी क्रिथियाच्या लढाईत गोळीबार चालू असताना उघड्या रानात पडलेल्या जखमींना त्याने ओढून आणलं. सैनिक असता तर शौर्यपदक मिळालं असतं. वार्ताहराला ते देता येत नव्हतं. ऑगस्टमध्ये मांडीत गोळी लागली, तरी हॉस्पिटलच्या जहाजावर जायला नकार देऊन तो आपल्या बिळात पडून राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारून विचारून नोंदी लिहीत राहिला. त्यानंतर त्याच्याशी न बोलणारं कुणी उरलं नाही. डिसेंबरात फौज माघारी निघेपर्यंत तो तिथेच होता.

त्याच टेकड्यांवर आपल्याकडचे लोकही होते हे मला तोवर माहीत नव्हतं. हिंदुस्थानी डोंगरी तोफखान्याच्या तुकड्या पहिल्या दिवसापासून ऑस्ट्रेलियनांच्या बाजूला लढल्या. पाणी आणि दारूगोळा वर चढवणारी खेचरं हाकणारेही हिंदुस्थानीच. संग्रहालयातल्या जुन्या फोटोंत फेटेवाली डोकी दिसतात.

वस्तू जमवायचा विचार पक्का झाला तो वर्षभराने, फ्रान्समध्ये. १९१६ च्या जुलैत पोझियेर या खेड्यासाठी लढाई झाली. सहा-सात आठवड्यांत सुमारे २३,००० ऑस्ट्रेलियन मेले किंवा जखमी झाले. खेडं असं उरलंच नाही, विटांची भुकटी झाली. बीन रोज तिथे जाऊन येई. दिवसा जे बघितलं त्याने झोप येत नसे, तेव्हा तो आपल्या मदतनिसाशी रात्री बोलत बसे. सैनिक खिशात काहीबाही गोळा करतात हे त्याने बघितलं होतं. बटण, काडतूस, तोफगोळ्याचा तुकडा. घरी पाठवायला. या वस्तू घराघरांत विखुरतील, मग एका पिढीत त्या कशाच्या हेही कुणाला सांगता येणार नाही. त्या एका ठिकाणी, ज्यांच्या होत्या त्यांच्या नावासकट ठेवल्या तर? मेलेल्यांची आठवण ठेवणारी जागा आणि संग्रहालय एकच असलं तर?

बीनच्या पाठपुराव्यानंतर मे १९१७ मध्ये लंडनला 'ऑस्ट्रेलियन वॉर रेकॉर्ड्स सेक्शन' सुरू झालं. प्रमुख म्हणून नेमला जॉन ट्रेलोर, वय वर्षं २२. हा मुलगा माझा लाडका आहे, कारण तो खरा डेटाबेसवाला. कागद कसा भरायचा, कुठल्या क्रमाने लावायचा, यावर त्याने आयुष्य काढलं आणि पुढे १९५२ मध्ये मरेपर्यंत त्याच संग्रहालयाचा संचालक राहिला. पलटणींना चिठ्ठ्या पाठवल्या गेल्या. वस्तू पाठवा, पण चिठ्ठी बांधून : कुठे सापडली, केव्हा, कुणी आणली, कुणाची होती. ज्या पलटणीने आणली तिचं नाव संग्रहालयात लागेल, असं सांगितल्यावर पलटणींमध्ये चढाओढ लागली. युद्ध संपेपर्यंत सुमारे २५,००० वस्तू जमल्या.

एका शब्दावर बीन हटून बसला होता. सैन्यात या वस्तूंना ट्रॉफी म्हणत. बीनला तो शब्द चालत नसे. ट्रॉफी म्हणजे दुसऱ्याला हरवून आणलेली. तो 'रेलिक' म्हणे, मागे राहिलेली वस्तू, जशी साधुसंतांची असते तशी. आपल्याकडे पादुका म्हणतात तेव्हा जो भाव असतो, त्याच्या जवळचं काहीतरी. शब्दावरून एवढं काय, असं मला आधी वाटलं. मग लक्षात आलं की ट्रॉफी म्हटलं की चिठ्ठीवर जिंकणाऱ्याचं नाव येतं, आणि रेलिक म्हटलं की ज्याची होती त्याचं.

आता त्याच्या चुकीबद्दलही सांगितलं पाहिजे. चरित्र म्हटलं की आपण आरती ओवाळायला लागतो, म्हणून मुद्दाम. १९१८ साली ऑस्ट्रेलियन सैन्याचा मुख्य सेनापती म्हणून जॉन मोनॅशचं नाव आलं. मोनॅश पेशाने सिव्हिल इंजिनियर, ज्यू, आईबाप प्रशियातून आलेले. बीनला तो पसंत नव्हता. त्याच्या मनात दुसरा माणूस होता, आणि मोनॅशबद्दल त्याच्या मनात जे होतं त्यात ज्यूंविषयीचा पूर्वग्रह होता, हे त्याच्या स्वतःच्या डायऱ्यांमध्ये दिसतं. त्याने आणि मर्डॉकने मिळून पंतप्रधानांपर्यंत खटपट केली. ती फसली. मोनॅशने त्या ऑगस्टपासून जे युद्ध चालवलं ते आजही शिकवलं जातं. आपण चुकलो हे बीनने पुढे मान्य केलं. सामान्य शिपायाचं नाव विसरू नये म्हणून धडपडणारा माणूस दुसऱ्या एका माणसाकडे त्याच्या जातीवरून बघत होता, हे मला पचायला जड गेलं. पण त्या डायऱ्या त्याने जाळल्या नाहीत. दोनशेच्या वर वह्या तशाच देऊन टाकल्या. फक्त प्रत्येकीवर एक सूचना चिकटवली, की हे त्या त्या वेळी मला जसं वाटलं तसं लिहिलं आहे, त्यातलं काही चुकीचं असू शकतं, तेव्हा पडताळून वापरा. मीही कोड लिहिते. स्वतःच्या जुन्या चुका अशा उघड्या ठेवायला किती जिवावर येतं ते मला माहीत आहे.

१९१९ च्या फेब्रुवारीत तो गॅलिपोलीला परत गेला. बरोबर चित्रकार जॉर्ज लँबर्ट, फोटोग्राफर ह्यूबर्ट विल्किन्स आणि आणखी थोडे लोक. काम दोन : थडग्यांची स्थिती बघायची, आणि त्या पहिल्या दिवशी कोण कुठवर पोचलं होतं हे शोधायचं. सांगायला माणसं उरली नव्हती म्हणून ते जमिनीला विचारत फिरले. झुडपात काडतुसांचा ढीग, त्यांच्या बनावटीवरून कुठल्या बाजूची ते कळे. पट्ट्याचं बक्कल, बिल्ला, पाण्याची बाटली. 'द नेक' नावाच्या एका अरुंद खिंडीत, तीन टेनिस कोर्टांएवढ्या जागेत, तीनशेच्या वर माणसांची हाडं सापडली. ७ ऑगस्ट १९१५ ला सकाळी काही मिनिटांत पडलेली. झेकी बे नावाचा तुर्की अधिकारी, जो समोरच्या बाजूने लढला होता, तो बीनबरोबर दिवसचे दिवस चालला आणि आपली माणसं कुठे होती ते दाखवत गेला. बीनने दोघांचं ऐकून घेऊन लिहिलं. या प्रवासावरचं पुस्तक मात्र त्याने १९४८ मध्ये काढलं, तोवर वेळच मिळाला नाही.

वेळ गेला तो अधिकृत इतिहास लिहिण्यात. कॅनबेऱ्याजवळ टगरनाँग नावाच्या माळावरच्या एका घरात तो आणि त्याचे सहकारी जाऊन राहिले. तिथे त्यांनी क्रिकेटची खेळपट्टी केली होती, हे वाचून मला हायसं वाटलं. तिथे असतानाच १९२१ मध्ये त्याचं एफी यंग या नर्सशी लग्न झालं. काम पाच वर्षांत संपेल असा अंदाज होता. तेवीस लागली. (आमच्या क्षेत्रात असे अंदाज रोज चुकतात, पण इतका नाही.) एकूण बारा खंड, त्यातले सहा त्याने स्वतः लिहिले. पहिला १९२१ चा, शेवटचा १९४२ चा. या खंडांच्या तळटीपा बघण्यासारख्या आहेत. मजकुरात एखाद्या साध्या शिपायाचं नाव आलं की खाली बारीक अक्षरात त्याची ओळख : पलटण, धंदा, गाव, जन्म, आणि मेला असेल तर कधी. कुणी सुतार, कुणी बँकेतला कारकून, कुणी शाळामास्तर. सेनापतीला जशी टीप, तशीच खाटकाच्या पोरालाही.

आणि बाई, इथे शाळा येते. मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी एक छापील फॉर्म पाठवला गेला होता. पूर्ण नाव, जन्मगाव, कुठल्या गावाशी त्याचं नातं जास्त, धंदा, मृत्यूच्या वेळी वय. एक रकाना असाही : तो कुठल्या शाळेत शिकला? आणि शेवटी, इतिहासकाराला उपयोगी पडेल असं आणखी काही सांगायचं असल्यास लिहावं. आईबापांनी, बायकांनी आपल्या हाताने ते भरून पाठवले. कुणी दोन शब्दांत, कुणी समासापर्यंत. ते कागद आजही आहेत. कॅनबेऱ्याच्या भिंतीवर पहिल्या महायुद्धातल्या साठ हजारांहून जास्त मृतांची नावं ब्राँझमध्ये आहेत. नावाआधी हुद्दा नाही, कारण मेल्यावर हुद्दा नसतो. लोक येऊन आपल्या माणसाच्या नावाशेजारच्या फटीत लाल पॉपीचं फूल खोचतात. आता रोज संध्याकाळी दारं बंद करताना त्या भिंतीवरच्या एकाच माणसाची हकीकत वाचून दाखवतात. मी ऐकली. पाच मिनिटांची असेल. शाळेचं नाव होतं त्यात.

आवारात एक पाइनचं झाड आहे. लोन पाइनच्या लढाईनंतर एका लान्स कॉर्पोरलने तिथली पाइनची फळं उचलून आईला पाठवली, कारण त्याचा भाऊ त्याच लढाईत गेला होता. आईने ती तेरा वर्षं ठेवून दिली. १९२८ साली बी पेरलं, दोन रोपं जगली. एक तिने आपल्या गावाला दिलं, दुसरं कॅनबेऱ्याला पाठवलं. १९३४ मध्ये ते संग्रहालयाच्या जागेवर लावलं गेलं, तेव्हा इमारत पुरी व्हायची होती. मंदीमुळे काम रखडलं होतं. दारं उघडली ती ११ नोव्हेंबर १९४१ ला, म्हणजे दुसरं महायुद्ध चालू असताना.

बीन पुढे बरीच वर्षं जगला. मुलांना खेळायला मोकळ्या जागा राहाव्यात म्हणून सिडनीत चळवळ केली, सरकारी दप्तर जपण्याची व्यवस्था लावली, १९५० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शाळांचा इतिहास लिहिला, संग्रहालयाच्या मंडळाचा अध्यक्ष झाला. 'सर' ही पदवी देऊ केली ती घेतली नाही. ३० ऑगस्ट १९६८ ला सिडनीतल्या कॉनकॉर्डच्या सैनिकी हॉस्पिटलात तो गेला. वय ८८.

मला हे सगळं इतकं का लागलं ते सांगते. माझे खापरपणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला गेले होते. घरात सगळे 'बसऱ्याला गेले होते' एवढंच म्हणत. परत आले, खोकला घेऊन आले, आणि एक रुप्याचं पदक घेऊन आले. त्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते, हे मला कॅनबेऱ्यात कळलं. घरी फोन करून आजीला विचारलं, ते पदक कुठे आहे? आजी म्हणाली, अगं, तुझ्या बाबांच्या बारशाला सोनाराकडे देऊन वाळे केले त्याचे. आजीचं काही चुकलं नाही. घरात तेवढंच रुपं होतं. पण कडेवरचा नंबर त्यात वितळला आणि आता पलटण कोणती हे सांगणारं घरात कुणी नाही. आपल्याकडे साताऱ्यापासून कोकणापर्यंत कितीतरी गावांत संगमरवराचा छोटा फलक असतो : या गावातून युद्धावर इतके गेले, त्यातले इतके परतले नाहीत. फलक पाहिलाय ना? आकडा असतो. नाव एकही नसतं. साहेबाने गावागावांत लावला तो तसाच.

तर प्रदर्शनाबद्दल. यादीत मी आता पाच रकाने केले आहेत : वस्तू, कुणाची, कुणी आणली, कोणतं वर्ष, आणि आणखी काही सांगायचं असल्यास. शेवटचा रकाना मुद्दाम मोठा ठेवला आहे. हातोडीपुढे शिपाईमामांचं पूर्ण नाव हवं आहे. आपण दहा वर्षं त्यांना मामाच म्हणत आलो, तेव्हा शिक्षकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर कृपया सांगा. त्यांचं गाव आणि शाळेत ते कधी लागले तेही. पितळी बिल्ल्यावर दावा करणाऱ्या तिघांनी एकत्र टेबलापाशी यावं. टेबलावर पेन बांधून ठेवलं आहे, चिठ्ठ्याही आहेत. अक्षर कसं का असेना.